उतारूंची गणती आणि मुळशीचा प्रश्न

मुळशी तालुक्यातील माण-हिंजवडीपासून शिवाजीनगरपर्यंतच्या सुमारे 23 किलोमीटरच्या मेट्रोमार्गाची कोनशिला 2018 च्या डिसेंबरात बसली. असा मार्ग आखताना 'रोज उतारू किती मिळतील?' हा प्रश्न प्रथम विचारला जातो. आमच्या मते तो अपुरा आहे. उतारू कोण, कोणत्या कामासाठी, कोणत्या वेळी आणि किती भाडे सोसून येणार, याचा निर्णय झाल्यावाचून 'किती' या प्रश्नाला अर्थ येत नाही.

याचा धडा पुणेकरांना घरबसल्या मिळालेला आहे. 1930 साली सुरू झालेली 'डेक्कन क्वीन' प्रारंभी मुंबईहून शर्यतींसाठी येणाऱ्या धनिकांची, आठवड्याअखेरची गाडी होती. तिच्यात तिसरा वर्ग आला तो 1955 साली. आणि पुढे हीच गाडी पासधारक नोकरदारांची होऊन बसली. मार्ग तोच, गाडी तीच. उतारूंचा वर्ग मात्र पार बदलला. उलट, 2014 साली सुरू झालेल्या मुंबईच्या मोनोरेलला अपेक्षेइतके उतारू कधीच लाभले नाहीत. तिची दोन टोके रोज जोडून हवी असणारे लोकच थोडे होते. लोकवस्ती म्हणजे मागणी नव्हे, हे त्या अनुभवाने सिद्ध केले.

हिंजवडीचा नोकरदार हाही एक अखंड वर्ग नाही. संगणक कंपनीतील अभियंत्यास वेळ महत्त्वाचा, तर तेथीलच पहारेकऱ्यास वा सफाई कामगारास भाडे महत्त्वाचे. भाडे वाढल्यास पहिला कुरकुर करील, दुसरा गाडीच सोडील. 2020 नंतर घरून काम करण्याची प्रथा रुजल्यामुळे आठवड्यातून दोन-तीन दिवसच कचेरीत जाणारा आणखी एक वर्ग निर्माण झाला आहे. त्याला महिन्याचा पास परवडणारा नाही. शिवाय सकाळी गर्दी हिंजवडीकडे आणि सायंकाळी उलट. परतीच्या रिकाम्या डब्यांचा खर्चही हिशेबात धरावाच लागतो.

परंतु खरा प्रश्न यापुढचा आहे. पौड, पिरंगुट, भूगाव येथील विद्यार्थी, रुग्ण आणि शेतकरी चांदणी चौकातून शहरात येतात. माणचे स्थानक त्यांना आडवळणाचे आहे. वनाझ ते चांदणी चौक या वाढीव मार्गास केंद्राने 2025 च्या जूनमध्ये मंजुरी दिली, हे स्वागतार्ह होय. पण चांदणी चौकापर्यंत पोचावयाचे कसे? आज बसमध्ये बसलेली माणसे मोजून याचे उत्तर मिळणार नाही. साधन नाही म्हणून जिने महाविद्यालय सोडले, ती मुलगी कोणत्याच गणतीत येत नाही.

1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीकरांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. त्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि वीज मुंबईला मिळाली. विकासाच्या हिशेबात स्थानिकांचा रकाना कोरा राहिला. त्याची पुनरावृत्ती होता कामा नये. माण-शिवाजीनगर मार्ग खाजगी भागीदारीतून उभा राहिला आहे. भागीदाराचे लक्ष भाडे देणाऱ्या वर्गाकडे राहणे स्वाभाविक आहे. म्हणूनच उरलेल्यांची गणती करण्याचे कर्तव्य पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे ठरते. प्राधिकरणाने वर्गवार अंदाज आणि त्यामागील गृहीते जनतेपुढे ठेवावीत, दरवर्षी ती प्रत्यक्ष आकड्यांशी ताडून पाहावीत, आणि गावोगावच्या बसगाड्यांची वेळापत्रके त्यांवरूनच ठरवावीत. ज्यांची मोजदाद होत नाही, त्यांच्यासाठी गाडीही थांबत नाही.