देहाचा सातबारा कोणाच्या नावावर?

कृष्णवर्णीय कवयित्रींच्या कवितेतील देहाभिमानाचा विषय निघाला की आपल्यातील काही निष्ठावंत साथींच्या कपाळाला आठ्या पडतात. भाकरीचा प्रश्न सुटलेला नसताना केसांची, कातडीच्या रंगाची गाणी कशाला, असा त्यांचा सवाल असतो. ही मध्यमवर्गीय आत्ममग्नता आहे, असा निवाडाही ते देऊन टाकतात. हा निवाडा इतिहासाच्या अज्ञानावर उभा आहे.

१६६२ साली व्हर्जिनियाच्या वसाहतीने कायदा केला की, अपत्याचा दर्जा आईच्या दर्जावरून ठरेल. बाप गोरा मळेवाला असला तरी गुलाम स्त्रीच्या पोटी गुलामच जन्मणार! १८०८ पासून अमेरिकेत गुलामांच्या आयातीला बंदी झाली आणि मालकाच्या दृष्टीने या गर्भाशयाचे मोल आणखी वाढले. ज्या व्यवस्थेत स्त्रीचा देह हेच दुसऱ्याचे भांडवल होते, तेथे ‘हा देह माझा आहे’ हे विधान आत्ममग्नतेचे कसे? ते मालकीहक्कालाच दिलेले आव्हान आहे.

ल्युसिल क्लिफ्टन यांनी आपल्या रुंद कटिप्रदेशाला मानवंदना देणारी कविता लिहिली, आपल्या गर्भाशयालाही कवितेतून साद घातली, ती या पार्श्वभूमीवर वाचावी. ऑड्रे लॉर्ड यांचा एक स्तन १९७८ मध्ये कर्करोगामुळे काढावा लागला. कृत्रिम स्तन लावून व्यंग झाकण्यास त्यांनी नकार दिला. तसे न केल्यास दवाखान्याचे मनोधैर्य खचते, असे त्यांना ऐकवण्यात आले होते. स्त्रीने इतरांच्या सोयीसाठी नीटनेटके दिसावे, हा आग्रह किती खोलवर मुरलेला आहे पाहा.

कवितेने काय साधते, असे विचारणाऱ्यांनी सारा बार्टमन आठवावी. दक्षिण आफ्रिकेतील या खोईखोई स्त्रीला १८१० मध्ये लंडनला नेऊन तिच्या देहाचे प्रदर्शन मांडले गेले. १८१५ मध्ये पॅरिसला तिचा अंत झाला. पण तिचा सांगाडा संग्रहालयात विसाव्या शतकातही प्रेक्षकांसमोर होता. डायना फेरस यांनी १९९८ साली तिला मायदेशी नेण्याचे वचन देणारी कविता लिहिली. अवशेष परत करण्याचे विधेयक मांडणाऱ्या फ्रेंच सिनेटरने तिचा आधार घेतला, आणि २००२ मध्ये साराला मायभूमीत माती मिळाली.

बाजार हा अभिमानही बाटलीत भरून विकतो, हे खरे. पण बाजाराने घोषणा चोरली म्हणून आपण घोषणाच सोडून द्यायची काय? मग ‘स्वातंत्र्य’ हा शब्दही सोडावा लागेल.

अमेरिकेतील ब्लॅक पँथरकडून नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. ते नाते आपण अभिमानाने सांगतो. मग त्याच समाजातील स्त्रियांचा शब्द दुय्यम का मानावा? श्रम देहच करतो. ज्याला श्रमिकाचा देह मुक्त करायचा नाही, त्याने श्रमाच्या मुक्तीची भाषा बोलू नये.