उसनवारीचे आयुष्य

बुलढाणा जिल्ह्यातील शेगावी २३ फेब्रुवारी १८७८ रोजी श्री गजानन महाराज प्रकट झाले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी त्यांनी समाधी घेतली. दासगणू महाराजांनी १९३९ मध्ये शेगावी रचलेल्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथाचे एकवीस अध्याय वऱ्हाडात घरोघरी पारायणात वाचले जातात. त्यांतील भास्कर पाटलांची कथा सर्वश्रुत असली, तरी बहुधा ती विहिरीपाशीच थांबविली जाते.

भर दुपारी अकोलीच्या शिवारात महाराजांनी पाणी मागितले. धट्ट्याकट्ट्या दिगंबराला पाणी पाजणे हे पुण्य नव्हे, असे सुनावून भास्कराने त्यांना वाटेला लावले. महाराज जवळच्या विहिरीकडे वळले. बारा वर्षे कोरडी असलेली ती विहीर त्यांच्या प्रार्थनेने भरली, असे ग्रंथ सांगतो. श्रोते पाण्याकडे पाहतात. खरे पाहण्यासारखे होते ते काठावर उभ्या असलेल्या भास्कराचे मुख. मळ्याला आता पाणी झाले, शेती कर, असे महाराजांनी सांगूनही तो मळ्यात परतला नाही. शेती सोडून त्यांच्या मागे शेगावी आला.

मात्र एका दिवसात मनुष्य बदलतो, असे दासगणू भासवीत नाहीत, हा त्यांचा प्रामाणिकपणा. क्रोध गेला तरी मत्सर उरला. बाळाभाऊ नोकरी सोडून महाराजांपाशी राहिले, तेव्हा हा पेढेबर्फीला लाचावला आहे, अशी चहाडी याच भास्कराने केली. महाराजांनी बाळाभाऊंना छत्री मोडेपर्यंत मारले. ते जागचे हलले नाहीत. मार एकाला आणि धडा दुसऱ्याला! कषाय किती सूक्ष्म रूपाने सेवेच्या आड दडतात, हे जैन वाचकांस निराळे सांगणे नको.

पुढे भास्करास पिसाळलेले कुत्रे चावले. लोक वैद्याकडे नेऊ लागले. आपला वैद्य आसनावरच बसला आहे, असे म्हणून तो महाराजांपुढे आला. महाराजांनी त्यास कोणतीही खोटी आशा दाखविली नाही. वैर, हत्या आणि ऋण कोणालाही चुकत नाही. आयुष्य संपत आले आहे. इच्छा असेल तर वाचवितो, परंतु ती जन्ममरणाच्या बाजारातील उसनवारी ठरेल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

हिशेबी व्यवहारात वावरलेल्या माणसास या शब्दाचे वजन लगेच कळेल. मुदतवाढ मिळाली म्हणून कर्ज फिटत नाही. केवळ तारीख पुढे जाते. मरणाच्या दारी अशी मुदत कोण नाकारील? आपण सारे नवस करतो ते बहुतांशी त्याच एका मुदतीसाठी. पाणी मागणाऱ्याला हाकलून देणाऱ्या भास्कराने मात्र काहीही मागितले नाही. लेकराचे हित आई जाणते, तुम्हास योग्य वाटेल ते करा, एवढेच तो म्हणाला. ते ऐकून बाळाभाऊंना आनंद झाला. ज्याने चहाडी केली त्याच्याच उद्धारासाठी ते आता उत्सुक होते.

त्यानंतर महाराज भास्करास घेऊन त्र्यंबकेश्वर-नाशिकला गेले आणि परतल्यावर अडगावास आले. तेथे विठ्ठलनामाच्या गजरात भास्कराने देह ठेवला. अडगावाजवळ द्वारकेश्वर या स्थानी त्यास समाधी देण्यात आली व पुढे काही दिवस तेथे अन्नदान चालले.