विश्लेषण : विलगीकरण झाले, पण बुडालेल्या मजुरीचे काय?

नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण ११ मार्च २०२० रोजी सापडला. एप्रिलमध्ये सतरंजीपुरा शहराचा हॉटस्पॉट झाला. दाट वस्ती, लहान घरे. तिथे ‘घरीच वेगळे राहा’ हा सल्ला कसा पाळणार? म्हणून महापालिकेने परिसर सील केला आणि शेकडो रहिवाशांना आमदार निवासासारख्या विलगीकरण केंद्रांत हलवले. साथ रोखण्याच्या दृष्टीने या निर्णयामागे तर्क होता. प्रश्न वेगळाच आहे. हातावर पोट असलेल्या माणसाने १४ दिवस कामावर जायचे नाही, तर घर कशावर चालायचे?

याचे उत्तर साथरोग कायद्यात शोधावे, तर निराशा होते. हा कायदा १८९७ चा. मुंबई इलाख्यात प्लेग पसरला असताना इंग्रजांनी केलेला, मुळात अवघ्या चार कलमांचा. पहिले कलम नावापुरते. दुसऱ्याने सरकारला हवे ते उपाय योजण्याचा अधिकार दिला, तिसऱ्याने आदेश मोडणाऱ्याला शिक्षा, चौथ्याने अधिकाऱ्यांना संरक्षण. नुकसानभरपाईचा उल्लेख आहे, पण कंसात आणि तोही ‘असल्यास’ म्हणून! २०२० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी कठोर शिक्षा आली. ती गरजेचीच होती. भरपाई मात्र कंसातच राहिली.

हा केवळ दयेचा विषय नाही. चाचणी केली तर रोजी जाणार, हे ठाऊक असलेला माणूस ताप लपवतो, गोळी घेऊन कामावर जातो. पुण्यात १८९७ मध्ये रँडच्या प्लेग समितीने सोल्जर पाठवून घरझडत्या घेतल्या, तेव्हा लोकांनी रुग्ण लपवले होते. भीतीचे कारण वेगळे, परिणाम तोच.

इंग्लंडने सप्टेंबर २०२० पासून विलगीकरणात जावे लागणाऱ्या कमी उत्पन्नाच्या कामगारांना ५०० पौंड देऊ केले. आपल्याकडे तेवढी रक्कम नको. रोजगार हमीच्या दराने १४ दिवसांची मजुरी आणि घरच्यांसाठी शिधा, इतके तरी विलगीकरणाच्या आदेशासोबतच मिळावे. आणि ते एखाद्या आयुक्ताच्या मर्जीवर न सोडता कायद्यात, कंसाबाहेर लिहावे. हे काम साथ नसतानाच होऊ शकते. रुग्णसंख्या वाढू लागली की फायली बाजूला पडतात.