हायड्रोजन आणि आपली पऱ्हाटी

हायड्रोजन तयार करावा लागतो. सौर किंवा पवन विजेने पाण्याचे विघटन केले, तर तो हरित ठरतो. फ्युएल सेलमध्ये ऑक्सिजनशी त्याचा संयोग झाला की वीज मिळते. मागे उरते पाणी आणि उष्णता. केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही संशोधन परिषद यांनी विकसित केलेली, फ्युएल सेलवर चालणारी बस २०२२ मध्ये पुण्यात सादर झाली.

अकोल्याच्या जुन्या शहरातून पाहताना आमचा पहिला प्रश्न पाण्याचा आहे. १ किलो हायड्रोजनला किमान ९ लिटर शुद्ध पाणी लागते, आणि पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्याचीच वानवा. म्हणून पिकांच्या अवशेषांपासून हायड्रोजन मिळवण्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे काम आम्हाला मोलाचे वाटते. आपल्याकडे कापूस निघाला की पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, बांधावर जळतात. पऱ्हाटी लाकडासारखी टणक, तिच्यावर वेगळी प्रक्रिया लागेल. त्या प्रक्रियेचे संशोधन अकोल्यातच, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात व्हावे. पारसच्या वीज केंद्रातील कोळशाच्या विजेने वऱ्हाड उजळले. आता पऱ्हाटीलाही भाव मिळावा आणि त्यातला पैसा थेट कास्तकाराच्या हाती पडावा, ही आमची मागणी आहे.

– संपादक