लेप्टो उंदरामुळे होतो, माणूस मरतो तो उशिरामुळे



आवणीत ताप आला की आपण म्हणतो, पावसात भिजला, चिखलात राबला, येणारच ताप. दोन दिवस अंगावर काढायचे, मग भगत, मग उधारीवर खाजगी डॉक्टरचं इंजेक्शन. यातलाच एक ताप लेप्टोस्पायरोसिसचा असतो. २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याची साथ आली तेव्हा पेपरवाल्यांनी खूप लिहिलं. पण भातखाचरातल्या मजुराला हा रोग दर पावसाळ्यात गाठतो, त्याचं कोण लिहितो?

उंदीर, घुशी, गुरं, कुत्री यांच्या मुतातून जंतू पाण्यात, चिखलात येतात. पायाला भेग असली, हाताला विळा लागला असला की तिथनं अंगात शिरतात. बहुतेक ५ ते १४ दिवसांनी एकदम ताप चढतो, डोकं ठणकतं, पोटऱ्या हात लावू देत नाहीत, डोळे लाल होतात. वेळेत डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलीन मिळालं तर माणूस बरा होतो. उशीर झाला तर कावीळ, लघवी बंद, जीवच जातो.

काही शिकलेले लोक म्हणतात, तुम्ही उंदीर खाता म्हणून होतं. उंदीर धरताना, सोलताना हाताला जखम नसावी, हे खरंच. पण उंदीर शहराच्या गटारात पण आहेत. आपल्याला धोका जास्त, कारण अनवाणी पायानं दिवसभर चिखलात आपणच वाकतो. मालक मजुरी देतो, गमबूट देतो का? हा कामाचा रोग आहे, आपल्या जातीचा नाही.

दवाखाना मागितला की उत्तर येतं, जागा जंगलखात्याची आहे. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) बघा. दवाखान्यासाठी १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीनं देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. आदिवासी भागात ३००० लोकांमागं १ उपकेंद्र, हा सरकारचाच नियम. मग अडलं कुठं?

माझं म्हणणं, प्लॉटच्या दाव्यासाठी जसे भांडतो तसंच यासाठी भांडू. येत्या ग्रामसभेत दोन ठराव घ्या: उपकेंद्राला जागा, आणि आवणीच्या आधी औषधाचा साठा. आणि ताप आला तर थांबू नका. डॉक्टरला पहिलं सांगा, मी चिखलात कामाला होतो.