काटा पुन्हा वर चढतो तेव्हा

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि शहरांतील मोठाल्या फलकांवर अलीकडे एक जोडचित्र हमखास दृष्टीस पडते. डाव्या अंगास अवाढव्य देहाची, खांदे पाडून उभी असलेली व्यक्ती. उजव्या अंगास तीच व्यक्ती, सडसडीत, हसतमुख, आपल्या जुन्या पाटलोणीच्या एकाच पायात दोन्ही पाय घालून उभी. मध्ये एक बाण आणि खाली रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक. हे चित्र खोटे असते असे आम्ही म्हणत नाही. परंतु ते केव्हा काढले, हे त्यावर छापलेले नसते. वजन घटविण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया झाली की सामान्यतः बारा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान वजन आपल्या नीचांकास पोचते, आणि छायाचित्रकारास आमंत्रण जाते ते त्याच सुमारास. त्याच माणसाचे सहाव्या वर्षीचे छायाचित्र आम्ही तरी अद्याप कोणत्याही फलकावर पाहिलेले नाही.

हा विषय अग्रलेखाचा नव्हे, असे काही वाचकांस वाटेल. लठ्ठपणा ही ज्याची त्याची खाजगी बाब, असा एक समज आहे. पण २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभर चारांपैकी जवळजवळ एक प्रौढ स्त्री व तितक्याच प्रमाणात पुरुष अतिवजनाचे आढळले. आणि गोव्यात तर दर तीन स्त्रियांमागे एकीहून अधिक. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, झोपेत श्वास अडखळणे ही त्यामागोमाग येणारी लेकुरे. म्हणून काही लाख रुपये खर्चून, प्रसंगी कर्ज काढून, शस्त्रक्रियेच्या टेबलावर चढणारी माणसे आता आपल्या आळीत, आपल्या नात्यात असतात. त्यांच्या पहिल्या वर्षाच्या कौतुकात आपण सारे सामील होतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी काटा पुन्हा वर सरकू लागला की तेच आपण, लग्नघरात त्यांच्या पानाकडे पाहून भुवया उंचावतो. त्या भुवयांनी जे नुकसान होते, ते बासुंदीच्या वाटीने होत नाही.

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या पंधरवड्यात वजन झपाट्याने उतरते आणि मग, बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, काटा एकाएकी खिळून राहतो. रुग्ण घाबरतो. एवढे पोट कापून घेतले आणि वीस दिवसांत सारे संपले की काय? वस्तुतः आरंभी जे उतरते त्यात चरबीपेक्षा पाण्याचा वाटा मोठा असतो. यकृतात व स्नायूंत साठविलेली साखर शरीर प्रथम खर्ची घालते, आणि त्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. ते निघून गेले की शरीर क्षणभर थबकते, पाण्याचा हिशेब पुन्हा जुळविते, आणि चरबी जळण्याचे काम आतल्या आत चालूच राहते. एक ते तीन आठवड्यांत काटा पुन्हा हलतो. या दिवसांत अन्न आणखी तोडणे हा उपाय नसून अपाय होय. कंबरेचा घेर मोजावा, वजन आठवड्यातून एकदाच करावे, आणि प्रथिनांची मात्रा, जी बहुतेक रुग्णांस दिवसाला साठ ते ऐंशी ग्रॅम इतकी सांगितलेली असते, चुकू देऊ नये. आपल्या शीत-कडीच्या जेवणात ती आपोआप पुरी होत नाही. भाताआधी मासळी, अंडी, पनीर वा उसळ खाण्याची नवी सवय लावून घ्यावी लागते.

सहा महिन्यांनी वा वर्षाने येणारा थांबा मात्र निराळ्या जातीचा. एकशेवीस किलोंचा देह चालविण्यास जेवढे इंधन लागते तेवढे पंचाऐंशी किलोंच्या देहास लागत नाही, हे तर उघडच आहे. पण त्याहून खोल गोष्ट अशी की, वजन उतरलेले शरीर अपेक्षेपेक्षाही कमी इंधनात भागवू लागते आणि भुकेची हाक वाढविते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांस सहा महिने अर्धपोटी ठेवून त्यांचा अभ्यास केला. हे तरुण युद्धात शस्त्र धरण्यास तत्त्वतः नकार देणारे स्वयंसेवक होते. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले, त्यांचा देह मंदावला, आणि मन अहोरात्र अन्नाभोवती घुटमळू लागले. पुढे त्यांस पोटभर वाढले तरी कित्येकांची भूक कित्येक महिने शमली नाही. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ असे आपण विनोदाने म्हणतो. त्यात शरीरधर्म किती भरला आहे, हे त्या तरुणांनी दाखवून दिले.

याचे अर्वाचीन उदाहरण एका दूरदर्शन-स्पर्धेतून मिळाले. ‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकी कार्यक्रमात आहार आणि व्यायाम यांच्या बळावर वजन उतरविलेल्या १४ स्पर्धकांची केव्हिन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षांनी तपासणी केली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सरासरी ५८ किलो उतरविलेल्या त्या माणसांनी सरासरी ४१ किलो पुन्हा चढविले होते, आणि विश्रांतीच्या स्थितीत त्यांची शरीरे अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळीत होती. हजारो प्रेक्षकांसमोर ज्यांनी घाम गाळला त्यांस इच्छाशक्ती नव्हती, असे कोण म्हणेल?

शस्त्रक्रियेचे महत्त्व नेमके येथेच आहे. आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये लठ्ठपणासाठी जठर-बायपासचा पायंडा पाडला तेव्हा पोटाची पिशवी लहान झाली की खाणे कमी होईल, एवढाच साधा हिशेब होता. पुढे कळले की ती संप्रेरकांचीही उलथापालथ करते. सध्या जगभर सर्वाधिक केल्या जाणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात. भूक चेतविणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक, ज्याचा शोध १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी लावला, मुख्यत्वे त्याच भागात तयार होते. बायपासनंतर आतड्यातून तृप्तीचा निरोप मेंदूकडे नेणारी संप्रेरके जेवणानंतर अधिक स्रवतात. म्हणजे रुग्णास काही काळ निसर्गाकडून सवलत मिळते. काही काळ, हे शब्द आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. शरीर नव्या व्यवस्थेशीही हळूहळू जुळवून घेते, भूक परतते, पिशवी थोडी सैलावते.

किती परतते? स्वीडनमध्ये १९८७ पासून सुमारे दोन हजार शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची व तितक्याच शस्त्रक्रिया न झालेल्या लठ्ठ व्यक्तींची दीर्घ पाहणी चालली. तिचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे प्रत्येक रुग्णास शस्त्रक्रियेपूर्वी वाचून दाखवावेत असे आहेत. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्क्यांनी घटले. दहा वर्षांनी ही घट २५ टक्के उरली. त्या काळी प्रचलित असलेल्या अन्य दोन पद्धतींत ती अनुक्रमे २५ वरून १६ व २० वरून १४ टक्क्यांवर आली. एकशेवीस किलोंच्या माणसाचे उदाहरण घ्या. बायपासनंतर तो सुमारे ब्याऐंशी किलोंवर उतरतो आणि दहा वर्षांनी नव्वदवर स्थिरावतो. आळीतले लोक म्हणतात, आठ किलो वाढले, पैसे पाण्यात गेले. तीस किलो अद्याप उतरलेलेच आहेत, हे कोणी म्हणत नाही. त्याच पाहणीत, वय आदी घटक जमेस धरता, शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचा धोका सुमारे २९ टक्क्यांनी कमी आढळला. आणि तो लाभ, थोडे वजन परत चढूनही, त्यांच्या पदरी पडला. स्लीव्ह पद्धती त्या पाहणीत नव्हती. तिची तुलना फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर दहा वर्षे झाली. बायपासच्या मानाने स्लीव्हमध्ये वजनाची घट काहीशी कमी व छातीत आम्ल उसळण्याचा त्रास अधिक, असे दिसून आले. कोणती शस्त्रक्रिया करावी हे वैद्यांनी ठरवावे, पण एवढे तरी रुग्णास ठाऊक असावे.

तेव्हा थोडे वजन परतणे हा शरीराचा धर्म होय. याचा अर्थ रुग्णावर काहीच जबाबदारी नाही असा मात्र नव्हे, आणि तसे सांगणारे त्याचे मित्र नव्हेत. लहान पिशवी एका बैठकीचे जेवण अडविते. दिवसभराचे चरणे ती अडवू शकत नाही. सकाळी पदेराकडचा उंडा, अकराला मिरची भजी, चारला चहाबरोबर खारी बिस्किटे, रात्री दूरदर्शनसमोर फरसाण, यांतील एकही ‘जेवण’ म्हणून मोजले जात नाही. भुसभुशीत, विरघळणारे पदार्थ पिशवीतून सुखेनैव खाली सरकतात. मासळीचा तुकडा मात्र पोट भरल्याची जाणीव देतो. गोड पेयांचे तसेच. चवथीच्या नेवऱ्या आणि नाताळचा दोदोल वर्षातून एकदा येतात, त्यांच्या नावाने खडे फोडण्यात अर्थ नाही. खरा शत्रू रोजचा आहे.

आणि गोव्यात एक गोष्ट अधिक स्पष्ट बोलली पाहिजे. बायपासनंतर मद्य रक्तात फार वेगाने चढते. पूर्वी दोन पेल्यांनी जे होई ते एकाने होते. अमेरिकेतील रुग्णांच्या मोठ्या पाहणीत, जी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, मद्याच्या विकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वी ७.६ टक्के होते ते दुसऱ्या वर्षी ९.६ टक्क्यांवर गेले. अन्नाचा आधार सुटला की काही माणसे पेल्याचा आधार शोधतात. ज्या प्रदेशात उर्राकाचा हंगाम हा सणासारखा साजरा होतो, तेथे शस्त्रक्रियेपूर्वीच्या समुपदेशनात हा विषय संकोचापायी टाळला जाणे परवडणारे नाही.

वजन परतू लागले तर रुग्णाने काय करावे? जेथे शस्त्रक्रिया झाली तेथे परत जावे. हे उत्तर साधे आहे, पण लाज आडवी येते. डॉक्टर रागावतील, आहारतज्ज्ञ तोंड वाकडे करतील, म्हणून भेट पुढे ढकलली जाते; आणि या न गेलेल्या भेटींत वजनाहून भयंकर गोष्टी दडून राहतात. ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांची उणीव अशा रुग्णांत सहज निर्माण होते. गोळ्या जन्मभर घ्यावयाच्या असतात, आणि त्या सोडणाऱ्यास पंडुरोग वा नसांचे विकार गाठू शकतात, मग तो जाड असो की बारीक. वजन वाढण्यामागे थायरॉइडचा दोष असू शकतो, स्टिरॉइड, इन्सुलिन किंवा मानसिक आजारावरील एखादे औषध असू शकते, खिन्नता असू शकते, निद्रानाश असू शकतो, क्वचित शस्त्रक्रियेच्या जोडात झालेला दोषही असू शकतो. हे सारे तपासल्यावाचून ‘तुम्ही जिभेवर ताबा ठेवा’ असे सांगणारा वैद्य आपले काम करीत नाही. पुन्हा शस्त्रक्रिया करता येते; पहिलीपेक्षा ती अधिक जोखमीची असते, आणि म्हणून ती पहिला नव्हे तर शेवटचा विचार असावा.

मध्यंतरी नवी औषधे आली आहेत. सेमाग्लुटाइड व तिर्झेपाटाइड ही वजनासाठीची इंजेक्शने २०२५ मध्ये भारताच्या बाजारात उतरली आणि शस्त्रक्रियेनंतर वजन परतलेल्यांसही ती आता दिली जातात. तीही जादूची कांडी नव्हे. सेमाग्लुटाइड थांबविल्यावर एका वर्षात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. रक्तदाबाची गोळी सोडली की रक्तदाब वाढतो, तसेच हे. रक्तदाबाच्या रुग्णास मात्र आपण आळशी म्हणत नाही.

आता व्यवस्थेविषयी. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार, विशिष्ट मर्यादेपलीकडच्या लठ्ठपणावर वैद्यकीय सल्ल्याने होणारी शस्त्रक्रिया विम्याच्या कक्षेत येऊ शकते. हे योग्यच झाले. परंतु बहुतेक विमा-करार रुग्णालयातील खाटेशी बांधलेले असतात. पोट कापण्यास पैसे मिळतात. त्यानंतरच्या पाच-दहा वर्षांतील रक्ततपासण्या, आहारतज्ज्ञाची भेट, मानसोपचार, जीवनसत्त्वांच्या गोळ्या यांचा खर्च बहुधा रुग्णाच्या खिशातून जातो, आणि घरात पैशाची ओढाताण झाली की कात्री प्रथम यांवरच चालते. विशेषतः गृहिणींच्या बाबतीत. नवऱ्याच्या मधुमेहाची गोळी येते, मुलांची फी भरली जाते, आणि तिच्या लोहाच्या गोळीची बाटली रिकामी राहते.

म्हणून आमची मागणी मर्यादित आहे. जे रुग्णालय ही शस्त्रक्रिया करते, मग ते सरकारी असो वा खाजगी, त्याने पाच वर्षांचा पाठपुरावा शस्त्रक्रियेच्या शुल्कातच धरावा, तो लेखी द्यावा, आणि भेट चुकविणाऱ्या रुग्णास स्वतः दूरध्वनी करण्याची जबाबदारी एका परिचारिकेवर सोपवावी. किती रुग्ण पाचव्या वर्षी संपर्कात उरले आणि त्यांची सरासरी घट किती टिकली, हे दोन आकडे राज्याच्या आरोग्य खात्याने प्रत्येक रुग्णालयाकडून दरवर्षी मागवून प्रसिद्ध करावेत. आणि जोडचित्रांच्या जाहिराती छापणाऱ्यांनी, त्यांत आम्ही वर्तमानपत्रवालेही आलो, उजव्या बाजूचे छायाचित्र शस्त्रक्रियेनंतर कितव्या महिन्यात काढले, ते त्याखाली ठळक टाइपात छापण्याची अट घालावी.