ठेवीदारांना अंधारात का ठेवावे?

बँकेच्या दारावर लावलेली नोटीस वाचून हताश होऊन परतण्याचा प्रसंग मुंबईच्या उपनगरांतील मध्यमवर्गावर गेल्या काही वर्षांत दोनदा आला. 2019 च्या 23 सप्टेंबरला, भांडुप येथे मुख्य कार्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. सहा महिन्यांत मिळून अवघे एक हजार रुपये काढता येतील, असे ठेवीदारांस सांगण्यात आले. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली. 2025 च्या 13 फेब्रुवारीला न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर तीच पाळी आली. या वेळी तर प्रारंभी एक रुपयाही काढण्याची मुभा नव्हती. अंधेरीच्या विजयनगर शाखेपुढे दुसऱ्या दिवशी जमलेली गर्दी अनेक वाचकांनी स्वतः पाहिली असेल.

दोन्ही बँका अखेर दुसऱ्या बँकांत विलीन झाल्या. न्यू इंडियाचे ठेवीदार 2025 च्या ऑगस्टमध्ये सारस्वत बँकेच्या आश्रयास सुखरूप गेले. पंजाब अँड महाराष्ट्रच्या ठेवीदारांना मात्र 2022 च्या 25 जानेवारीपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस महिने, तिष्ठत राहावे लागले. आणि मोठ्या ठेवींची पाच लाखांवरील रक्कम दहा वर्षांच्या हप्त्यांत विभागली गेली. सत्तरीच्या घरातील माणसाला दहा वर्षांची मुदत देणे याचा अर्थ काय होतो, हे फोड करून सांगण्याची आवश्यकता नाही.

विलीनीकरणाने प्रकरण मिटले, असे समजण्याकडे सरकारी वर्तुळांचा कल दिसतो. आम्हांस ते मान्य नाही. बँक धोक्यात आहे हे ठेवीदाराला कोणी, केव्हा सांगावयाचे, हा मूळ प्रश्न अजून अनुत्तरितच आहे. पंजाब अँड महाराष्ट्र बँकेच्या कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक, म्हणजे सुमारे साडेसहा हजार कोटी रुपये, एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे गुंतले होते, आणि ते झाकण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक बनावट खाती दाखविण्यात आली होती. बँकेच्या 2019 च्या मार्चअखेरच्या अहवालात मात्र थकीत कर्जे चार टक्क्यांच्याही आत होती. दक्ष ठेवीदाराने हा अहवाल अथपासून इतिपर्यंत वाचला असता, तरी त्याच्या हाती काय लागले असते?

ठेवविम्याची ढाल आपल्याकडे आहे, हे खरे. 1960 मध्ये केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हा सरकारला जाग आली आणि 1962 च्या 1 जानेवारीपासून ठेवविमा सुरू झाला. पंधराशे रुपयांपासून निघालेली त्याची मर्यादा 2020 च्या फेब्रुवारीत पाच लाखांवर आली. निर्बंधांनंतर नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूदही 2021 मध्ये झाली. या सुधारणा स्वागतार्ह आहेत. परंतु विमा नुकसान झाल्यावर धावून येतो. शिवाय गृहनिर्माण संस्था ही विम्याच्या दृष्टीने एकच ठेवीदार असते. मुलुंड-बोरिवलीतील शंभर बिऱ्हाडांनी इमारतीच्या दुरुस्तीसाठी वर्षानुवर्षे साठविलेल्या निधीला त्यामुळे एका व्यक्तीइतकेच, पाच लाखांचेच संरक्षण मिळते.

धनाढ्य देशांतही असे घडते. 2023 च्या मार्चमध्ये अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक कोसळली. तेथील विम्याची मर्यादा अडीच लाख डॉलरची. परंतु दोन दिवसांतच सरकारने सर्व ठेवींची हमी दिली. मोठ्या कंपन्यांच्या पैशाला तेथे जी तत्परता लाभली, ती भांडुपच्या निवृत्तिवेतनधारकाच्या वाट्याला आली नाही.

बँकेची दुर्बलता उघड केली तर घबराट माजेल आणि सावरू शकणारी बँकही बुडेल, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो सर्वस्वी पोकळ नाही. छोट्या बँकेला अफवेचा एक दिवसही पेलत नाही. परंतु अफवा फोफावते ती विश्वसनीय माहितीच्या अभावी. एखाद्याच बँकेचे नाव अवचित पुकारले तर धावपळ होईल. सर्वच बँकांची स्थिती ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या नमुन्यात प्रसिद्ध होऊ लागली, तर लोक ती वाचावयास शिकतील आणि बँकाही वेळीच सावरतील. बँकांचे तपासणी अहवाल माहिती अधिकाराखाली द्यावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2015 च्या डिसेंबरमध्ये दिला होता. त्याला बँकांनी कडाडून विरोध केला, यातच सारे आले.

शाळेतील मुलाचे प्रगतिपुस्तक पालकाच्या सहीसाठी घरी जाते. बँकेचे प्रगतिपुस्तक मात्र परीक्षक आणि परीक्षार्थी यांच्यामध्येच राहते, आणि शुल्क भरणाऱ्याला निकाल कळतो तो शाळा बंद झाल्यावर. ही रीत बदलली पाहिजे. प्रत्येक सहकारी बँकेने आपले भांडवल, थकीत कर्जे आणि सर्वांत मोठ्या कर्जदारांकडे गुंतलेला हिस्सा दर सहा महिन्यांनी शाखेच्या दर्शनी भागी सोप्या मराठीत लावावा. त्या आकड्यांची शहानिशा रिझर्व्ह बँकेने करावी. आणि गृहनिर्माण संस्थांचा विमा सभासदसंख्येच्या प्रमाणात ठरावा. अर्धा टक्का अधिक व्याजासाठी सगळी पुंजी एकाच ठिकाणी ठेवण्याचा मोह आपणही आवरला पाहिजे. पण ठेवीदाराने सावध राहावे असा उपदेश करण्यापूर्वी, सावध राहण्यास लागणारी माहिती त्याच्या हाती देणे हे रिझर्व्ह बँकेचे आणि सरकारचे कर्तव्य आहे.